घरच्या घरी कोरियन बार्बेक्यू : बुलगोगी, गाल्बी, सामजांग वगैरे

सुवॉनवासी

गटगच्या (गेट-टुगेदरच्या) धाग्यावर बुलगोगीचा, म्हणजे पातळ कापून, खारट-गोड मुरवून भाजलेल्या कोरियन मांसाचा, विषय निघाला आणि बघता बघता पाककृतींचा पाऊस पडला. एकीत दही, एकीत गरम मसाला, एकीत चक्क टोमॅटो केचप. चवीला छान लागलंही असेल, पण बुलगोगी म्हणून खपवू नका बुवा. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

आपण मांस मुरवतो ते मसाला जाडसर चिकटून बसावा म्हणून. कोरियन मुरवण पातळ असते, रसासारखी. ती मांसाला खारट-गोड करते आणि तव्यावर तिच्यातली साखर कडांना खरपूस रंग आणते, बस्स. तिखट, आंबट, झणझणीत जे काही असेल ते बाजूच्या वाट्यांमध्ये. जेवणारा प्रत्येक घासाला हवं ते लावून घेतो. त्यामुळे मुरवणीत सतरा गोष्टी घालायचा मोह आवरा.

त्याहीआधी कापणी. बुलगोगीचे काप दोन-तीन मिलिमीटर जाडीचे हवेत, मांसाच्या रेषांना आडवे. इथे दक्षिण कोरियात सुपरमार्केटात तसं कापलेलं पाकीटच मिळतं. आपल्याकडे मटणवाल्याला सांगून फारसा उपयोग नाही, तो सवयीने तुकडेच करणार. बिनहाडाचा अख्खा तुकडा तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. पुरता गोठायच्या आत, कडक झाला की धारदार सुरीने काप निघतात. जाड तुकड्यांना हीच मुरवण लावली तर वरून करपतं, आत अळणी राहतं आणि मग लोक म्हणतात कोरियन जेवण ओव्हररेटेड आहे.

मूळ पदार्थ गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यापासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिथल्यांनी आणि ज्यांना चालत नाही त्यांनी डुकराचं, कोंबडीच्या मांडीचं, कोवळ्या बोकडाचं घ्यावं. यावर इथे वाद नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते भरभरून वाहताहेत.

अर्धा किलो मांसाला माझं प्रमाण असं. अर्धी मोठी नाशपती आणि अर्धा मध्यम कांदा किसून घ्या, रस फेकू नका. त्यात दीड मोठा चमचा साखर आणि एक मोठा चमचा मध घालून मांसाला हलक्या हाताने चोळा, पंधरा मिनिटं ठेवा. मग चार मोठे चमचे सोया सॉस, ठेचलेला लसूण पाच-सहा पाकळ्या, आलं अगदी थोडं, अर्धा छोटा चमचा मिरपूड, पातीचा कांदा. सगळ्यात शेवटी भाजलेल्या तिळाचं तेल एक मोठा चमचा आणि हाताने चुरडलेले भाजके तीळ. गोड आधी, खारट मग, तेल शेवटी हा क्रम इथे घरोघरी पाळतात. तेल आधी घातलं तर ते मांसावर पसरतं आणि बाकीचं नीट लागत नाही.

एवढ्या पातळ कापांना अर्धा तास पुरतो, दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. रात्रभर बुलगोगी मुरवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

तवा बिडाचा, कडकडीत तापलेला, आणि एका वेळी मूठभरच मांस. सगळं एकदम ओतलंत की पाणी सुटतं आणि भाजायच्या ऐवजी शिजतं. तशीही एक तऱ्हा आहे म्हणा. सोलच्या जुन्या पद्धतीत मधे फुगीर आणि कडेला खोलगट असं पितळी भांडं असतं, मांस वर भाजतं, रस कडेच्या खळग्यात उतरतो आणि त्यात शेवया-मश्रूम शिजवतात. दक्षिणेत क्वांगयांगला मात्र ऐन वेळी मसाला लावून थेट निखाऱ्यावर जाळीत भाजतात. दोन्हींना बुलगोगीच म्हणतात आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याला नाक मुरडतात.

आमच्या सुवॉनचं नाव गाल्बीसाठी, म्हणजे बरगड्यांसाठी. इथे पूर्वी गुरांचा मोठा बाजार भरायचा. गंमत म्हणजे सुवॉनच्या जुन्या पद्धतीत सोया सॉस नसतो, मीठ असतं. मीठ, साखर, लसूण, तीळ, नाशपतीचा रस. मांसाचा रंग लालच राहतो. मला तीच जास्त आवडते, कारण चांगलं मांस असलं की सोया सॉस कधीकधी दादागिरी करतो.

सामजांग (मांसाला लावून खायची चटणी) आणि बाकी वाट्यांबद्दल खाली लिहिते. आधी प्रश्न येऊ द्या.

---

पेठेतला_प्राणी

फोटो नाही, पाककृती फाउल.

बाकी वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

---

तिखटमीठ

ताई, छान लिहिलंय. नाशपती कुठली? आमच्याकडे बाबूगोशा मिळतं, ते मऊ नि गोड असतं. आणि सरळ कच्ची पपई का नको? आमची आई मटणाला कायम तीच लावते.

---

सुवॉनवासी

इथली नाशपती सफरचंदासारखी गोल, कुरकुरीत, प्रचंड रसाळ. बाबूगोशा त्या जातीचं नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात पंजाबातून येणारी ती कडक, दाताखाली कचकच लागणारी साधी नाशपती घ्या, जिला आपण बाबूगोशासमोर विचारतही नाही. पत्थरनख म्हणतात ती. ती वनस्पतीशास्त्राप्रमाणे या आशियाई नाशपतीचीच जात. गोडवा कमी असतो, तेवढी साखर वाढवा. ती नसेल तर गोड सफरचंद. इथेही नाशपती महाग झाली की बायका सफरचंदच किसतात.

पपईबद्दल रसायनवाल्यांनी बोलावं.

---

मास्तर_रिटायर्ड

हाक मारलीत म्हणून आलो.

पपईत पपेन, अननसात ब्रोमेलेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन. तिन्ही प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. नाशपतीतही असतात, पण सौम्य. पपेनची खोड अशी की ते फ्रीजमध्ये निवांत असतं आणि मांस तापत जाईल तसं जोरात काम करतं, साठ-सत्तर अंशांपर्यंत. आईच्या हातचं मटण जाड तुकड्यांचं, तासभर रटरटणारं. तिथे पपई ठीक. दोन मिलिमीटरच्या कापाला ती लावलीत तर वरचा थर पिठासारखा होतो आणि आतलं उरतच नाही, कारण सगळाच वरचा थर.

किवीचंही तेच. अर्धा किलोला एक छोटा चमचा गर, तोही भाजण्याआधी वीस-तीस मिनिटं. निबर मांसासाठीच.

आणि डब्यातला अननस किंवा खोक्यातला रस घालून मांस मऊ होण्याची वाट बघू नका. तो तापवून भरलेला असतो, विकर केव्हाच निकामी झालेलं. गोडी मिळेल फक्त.

---

न्यूजर्सीकाका

आमच्याकडे एच मार्टात (कोरियन किराणा दुकानात) एलए गाल्बी मिळते, बरगडीला आडवं कापलेली, एका पट्टीत हाडाच्या तीन-चार चकत्या. ताईंनी लिहिलं नाही म्हणून भर घालतो: ही आधी थंड पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवायची, पाणी एक-दोनदा बदलायचं. करवतीने कापलेली असल्याने हाडाचा भुगा चिकटलेला असतो, रक्तही सुटतं. मग कागदाने खसाखसा कोरडी करायची. ओली ठेवलीत तर मुरवण पाणचट होते. ही मात्र रात्रभर मुरवली तर चालते, हाडं असतात.

आमच्या शेजारच्या कोरियन आजी मुरवणीत अर्धा कॅन कोला ओततात. अप्रतिम होते.

---

सुवॉनवासी

काका, भुग्याचं बरोबर. सुवॉनची बरगडी वेगळी, एकाच हाडाला मांसाची लांब पट्टी उलगडलेली आणि तिच्यावर सुरीने तिरप्या बारीक चिरा. म्हणून भिजवण्याचं डोक्यात आलं नाही.

कोला इथेही घालतात, स्प्राइटही घालतात. साखर आणि पाणी यापलीकडे त्यात काय आहे? पण आजींपुढे मी बोलणार नाही.

---

घाण्याचं_तेल

भाजलेल्या तिळाच्या तेलाचं कौतुक वाचतोय. आपल्याकडे लाकडी घाण्याचं तिळाचं तेल मिळतं, शुद्ध, ताजं. बाटलीतलं आयात तेल कशाला? उगाच पैसे.

---

सुवॉनवासी

घाण्याचं तेल उत्तमच, पण ते कच्च्या तिळाचं. इथे तीळ तांबूस होईपर्यंत भाजून मग गाळतात, सगळा वास त्या भाजण्याचा. कच्च्या तेलाने बुलगोगी केलीत तर तिला नुसतं तेल लागल्यासारखं वाटेल. बाटली आणायची नसेल तर तेल वगळाच. दोन मोठे चमचे तीळ मंद आचेवर चांगले तांबूस भाजा, गरम असतानाच खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटा आणि ते घाला. माझ्या मते हा पर्याय साध्या तेलापेक्षा सरस आहे. तळायला मात्र भाजलेल्या तिळाचं तेल वापरू नका, ते आचेवर कडवट होतं.

---

वसईकर_कुपारी

आमच्याकडे डुक्कर लागतंच, त्यामुळे माझा मोर्चा थेट तिखट प्रकाराकडे. गोचुजांग (मिरची आणि आंबवलेल्या सोयाबीनचा लाल लगदा) घालून करतात तो, द्वेजी-बुलगोगी. खांद्याचं मांस, थोडी चरबी असलेलं, पातळ कापून. अर्धा किलोला गोचुजांग दोन मोठे चमचे, मिरचीचे फ्लेक्स दीड, सोया सॉस दोन, साखर एक, लसूण भरपूर, आलं आपल्या हिशेबाने, किसलेला कांदा. आम्ही सुक्या मिरच्यांवर वाढलेली माणसं, तरी ही चव परकी वाटली नाही.

फक्त आच मध्यम ठेवा. गोचुजांगमध्ये तांदळाचं पीठ नि गोडवा असतो, मोठ्या आचेवर दोन मिनिटांत काळं. शेवटच्या मिनिटाला आच वाढवून कडा भाजून घ्यायच्या.

गोचुजांग कुठलं घ्यायचं? आमच्या दुकानात सपाट लाल डबा मिळतो, तिखट किती ते कळत नाही.

---

सुवॉनवासी

डब्यावर तिखटपणाची पाच पायऱ्यांची पट्टी असते, मिरचीचं चित्र किंवा ठिपके. मधली पायरी घ्या. आपल्या जिभेला कोरियन ‘खूप तिखट’ही फार नाही, पण जास्त तिखट घेतलं तर आपण ते कमी घालतो आणि मग आंबवलेल्या सोयाबीनची जी खोल चव हवी असते ती येत नाही. रंगाला नि झोंबायला मिरची वेगळी घाला.

---

रानजाई

गोचुजांग घरी करता येतं का? यूट्यूबवर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी लगदा), मिरची पूड आणि मध कालवून ‘झटपट गोचुजांग’ दाखवतात.

---

सुवॉनवासी

ते कालवण आहे, वेळ मारून न्यायला ठीक. खरं गोचुजांग म्हणजे चिकट तांदूळ, मोड आणून वाळवलेल्या सातूची पूड, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची पूड, मिरची आणि मीठ. ते मातीच्या श्वास घेणाऱ्या रांजणात महिनोन्‌महिने उन्हा-वाऱ्यात मुरतं. नैऋत्येला सुनचांग नावाचं गाव आहे, तिथलं गोचुजांग आपल्या कोल्हापुरी गुळासारखं नाव राखून आहे. डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोने कोरियाची ही ‘जांग’ घालण्याची परंपरा आपल्या यादीत घेतली. इथल्या फ्लॅटमधल्या बायका मात्र डबाच आणतात. फ्लॅटच्या बाल्कनीत रांजण ठेवला की वासावरून शेजाऱ्यांशी वाजतं.

---

तिखटमीठ

मिरचीच्या फ्लेक्सऐवजी पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या चालतील का? घरात शंभर साठल्यात.

---

वसईकर_कुपारी

नको. त्यात बिया असतात, रंग येत नाही, नुसती जळजळ. ब्याडगी घ्या, देठ-बिया काढा, उन्हात कडकडीत करा आणि मिक्सर थांबवत थांबवत भरड फिरवा. पूड होऊ देऊ नका. गोचुगारूच्या, म्हणजे कोरियन मिरचीच्या फ्लेक्सच्या, बरंच जवळ जातं. काश्मिरी मिरचीनेही रंग येतो. संकेश्वरी वापरणार असाल तर पाहुण्यांना आधी सांगा.

---

चातुर्मासवाली

सगळे मांसावर घसरलात. आमच्याकडे सध्या कांदा-लसूणही बंद. आमच्यासारख्यांनी नुसता वास घ्यायचा का?

---

पेठेतला_प्राणी

वास घेतला तरी मोडतो म्हणे. स्वगत: पळा.

---

सुवॉनवासी

मुळीच नाही. कोरियन बौद्ध मठांत मांस नसतंच, वर पाच उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य: लसूण, कांद्याची पात, चाइव्हसारखी एक पात, एक रानपात आणि पाचवा चक्क हिंग! म्हणजे आपल्याकडे कांदा-लसूण नसला की ज्याच्यावर भिस्त ठेवतो, तोही तिथे चालत नाही.

मग चव कुठून? सुकवलेले शिताके मश्रूम आणि समुद्री शेवाळाचा जाड तुकडा पाण्यात रात्रभर भिजवायचा, ते पाणी सोया सॉसमध्ये निम्मं-निम्मं घालायचं. त्यात नाशपती, थोडं आलं, गोड, तीळ. ही मुरवण धिंगरी मश्रूमला लावा. मोठे असतील तर हातानेच उभे फाडा, सुरी नको, फाटलेल्या कडांत रस धरतो. वीस मिनिटं पुरे. मश्रूम स्पंजासारखे रस शोषतात, त्यामुळे सोया सॉस मांसाच्या मानाने निम्मा. तोफू असेल तर आधी वजनाखाली दाबून पाणी काढा, नुसत्या तेलावर दोन्ही बाजूंनी लाल करा आणि मुरवण वरून ओतून आटवा. तोफूला आधी मुरवून फारसं काही साधत नाही.

पनीरबद्दल विचारू नका. करा, पण मला सांगू नका.

---

चातुर्मासवाली

हिंग वर्ज्य! हे सासूबाईंना सांगते. मश्रूम मात्र त्यांना चातुर्मासात चालत नाहीत. तोफूच करते.

---

मास्तर_रिटायर्ड

सोया सॉसवर कुणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडे हक्का नूडल्ससाठी जो ‘डार्क सोया’ मिळतो तो कॅरमेलचा रंग घातलेला, दाट असतो. तो इथे नको, सगळं काळं आणि कडवट होईल. बाटलीमागचं वाचा: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ, एवढंच असेल तर आंबवलेला. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ दिसलं तर तो आम्लाने झटपट केलेला किंवा मिसळीचा. मिसळ म्हणजे आपली नव्हे.

---

सुवॉनवासी

मास्तर, अगदी. त्यात भर: कोरियन बाटली आणलीत तर ‘सुपासाठीचा’ सोया सॉस टाळा, तो रंगाने फिका पण भलताच खारट. मुरवणीला नेहमीचा आंबवलेला. सेम्प्यो कंपनीच्या बाटल्यांवर ५०१ आणि ७०१ असे आकडे असतात, ते एकूण नायट्रोजनचं प्रमाण सांगतात, १.५ आणि १.७ टक्के. जास्त नायट्रोजन म्हणजे सोयाबीनची चव जास्त. मुरवणीला ५०१ पुरतो, ७०१ कच्चा बुडवून खायला ठेवा.

आता कबूल केलेल्या वाट्या.

सामजांग आधी. भाकरीबरोबर ठेचा नसला की जेवण जसं अडतं, तसं इथे सामजांगवाचून पान हलत नाही. द्वेनजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा तपकिरी लगदा, दोन मोठे चमचे. गोचुजांग एक. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, पातीचा कांदा बारीक चिरून, मध अर्धा चमचा, भाजलेल्या तिळाचं तेल एक छोटा चमचा, भाजके तीळ. कालवलं की झालं. फार खारट वाटलं तर साखर वाढवू नका. त्याऐवजी भाजलेले अक्रोड जाडसर कुटून घाला, खारटपणा बसतो आणि दाताखाली छान येतात. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात तसंच देतात.

हे लावायचं लेट्यूसच्या पानात. पान तळहातावर, त्यावर मांसाचा एक तुकडा, लसणाची भाजलेली चकती, सामजांग नखाएवढं, आणि पुरचुंडी करून अख्खी तोंडात. दोन घासांत खाल्लीत तर रस कोपरापर्यंत येतो.

दुसरी वाटी सगळ्यात सोपी: भाजलेल्या तिळाचं तेल, मीठ, मिरपूड. ही न मुरवलेल्या मांसासाठी. हे आधीच सांगायला हवं होतं, कोरियन बार्बेक्यूत सगळंच मुरवलेलं नसतं. डुकराच्या पोटाच्या पट्ट्या, सामग्योपसाल, इथे बहुतेक वेळा कोऱ्याच भाजतात. इथल्या लोकांनी ३ मार्च हा त्यांचा दिवसच करून टाकलाय, तीन थरांचं मांस म्हणून ३-३. हॉटेलात आधी कोरं मांस मागवतात, मुरवलेलं नंतर, कारण साखरेने जाळी काळी होते आणि मग बदलून मागावी लागते. घरीही हाच क्रम ठेवा, तवा घासायचे कष्ट वाचतील.

तिसरी वाटी कांद्याची. सोया सॉस, व्हिनेगर, साखर, पाणी सारखं घ्या, साखर विरघळवा आणि त्यात कागदासारखा चिरलेला कांदा अर्धा तास बुडवा. चरबीच्या मांसावर हा उतारा आहे. पातीच्या कांद्याचंही करतात: पात लांब, बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात घाला म्हणजे उग्रपणा जाऊन ती कुरळी होते. निथळून ऐन वेळी मिरचीचे फ्लेक्स, व्हिनेगर, किंचित साखर, सोया सॉस आणि तिळाचं तेल घालून हलवा. आधी करून ठेवली तर लोळागोळा.

---

मालवणी_खाजं

जेजू बेटावर काळ्या डुकराबरोबर माशाचा सॉस देतत असा ऐकलंय. खरा काय?

---

सुवॉनवासी

खरंच. मेलजॉत. आपल्या मांदेलीच्या नात्यातले छोटे मासे मिठात आंबवतात. तो सॉस छोट्या भांड्यात लसूण, हिरवी मिरची घालून त्याच जाळीवर मांसाशेजारी खदखदत ठेवतात आणि तुकडे त्यात बुडवतात. वास असा की घरात करू नये. चव अशी की केल्याशिवाय राहवत नाही.

---

मालवणी_खाजं

वासाचा सांगू नकात, आमच्याकडे सुकट भाजतत.

---

कर्वेनगरी

मी कोरियात चुनचॉन शहरात शिकायला होतो, त्यामुळे डाकगाल्बीचा (परातीवरच्या तिखट कोंबडीचा) उल्लेख नसलेला धागा मला सहन होत नाही. साठच्या दशकात तिथे दारूच्या गुत्त्यांतून सुरू झालेला स्वस्त प्रकार. आधी कोळशावर भाजायचे, मग मोठ्या लोखंडी परातीवर आला. आता शहरात त्याची अख्खी गल्ली आहे.

अर्धा किलो कोंबडीच्या मांडीचं बोनलेस, मोठे तुकडे. गोचुजांग दोन मोठे चमचे, मिरचीचे फ्लेक्स दोन, सोया सॉस दोन, साखर एक, काकवी किंवा मक्याचं सिरप एक, लसूण दोन चमचे ठेचलेला, आलं, मिरपूड आणि, आता बसून वाचा, एक छोटा चमचा करी पावडर. होय, हळद-जिऱ्याची. कोरियात ओत्तोगी नावाची मोठी कंपनी आहे, ती १९६९मध्ये सुरूच झाली करी पावडरवर. डाकगाल्बीत ती कोंबडीचा हिमूस वास मारते. मात्र एक चमचाच. दोन घातलेत की तुमचं चिकन पुन्हा सदाशिव पेठेत.

कोबी, रताळ्याच्या पातळ फोडी, कांदा, तांदळाच्या लांबट वड्या मिळाल्या तर त्या. सगळं थंड परातीतच मांडायचं आणि मग गॅस लावायचा. कोबीला पाणी सुटतं, त्यातच कोंबडी शिजते. वरून पाणी नको. तांदळाच्या वड्या मऊ झाल्या की त्या आधी खायच्या, कोंबडीला अजून थोडा वेळ लागतो. शेवटी तळाला लागलेल्या मसाल्यात भात, चिरलेली किमची आणि सुक्या शेवाळाचा चुरा घालून पसरवायचा, हलवायचा नाही. खाली खरवड धरली की उलथन्याने खरवडून खायचा. भातासाठीच डाकगाल्बी करणारे लोक मला ठाऊक आहेत.

---

तिखटमीठ

करी पावडर! म्हणजे गटगच्या धाग्यावरचा गरम मसाला तितकाही चुकीचा नव्हता की.

---

सुवॉनवासी

तो बुलगोगीत होता. आणि त्यात वेलची होती. वेलची!

---

रानजाई

लेट्यूसबरोबर ती दुसरी पानं असतात ना, दातेरी, पुदिन्या-बडीशेपेच्या मधली चव? ती इथे कुठे मिळतील? विड्याचं पान लावून बघू का?

---

कर्वेनगरी

पेरिला. बी मागवून कुंडीत लावा, तुळशीसारखी येतात. ताज्या पानाला पर्याय नाही. उत्तराखंडात भंगजीरा म्हणून हिच्याच बिया चटणीला वापरतात, तिकडचं कुणी ओळखीचं असेल तर बी मागून घ्या.

विड्याचं पान लावलंत तर पाहुणे जेवण संपलं समजून उठतील.

---

न्यूजर्सीकाका

एक सावधगिरीचं. टेबलावर ब्यूटेनच्या डबीचा छोटा स्टोव्ह ठेवून भाजणार असाल तर तव्याचा आकार बघा. तवा एवढा मोठा नको की डबीच्या कप्प्यावर येईल. तव्याच्या बुडाकडून उष्णता डबीकडे परतते, डबी तापली की फुटते. कोरियात असे अपघात झालेले आहेत. दोन स्टोव्ह एकमेकांना चिकटवून मोठी परात ठेवणं तर अजिबात नको.

आणि बंद फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये कोळशाची शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोळशाचा हौसेने बेत करायचा तर गच्चीत.

---

वसईकर_कुपारी

+१. आणि कच्चं मांस ज्यात मुरलं तो उरलेला रस वाटीत घालून वाढू नका. वरून लावायचाच असेल तर वेगळा काढलेला घ्या, नाहीतर चांगला खळखळून उकळा.

---

रानजाई

शेवटचा प्रश्न. तयार बाटलीतली बुलगोगीची मुरवण मिळते, ती आणली तर कमीपणा आहे का? आणि घरची केली तर टिकते किती?

---

सुवॉनवासी

कमीपणा कसला, इथल्या घरांतूनही ती बाटली सर्रास असते. फक्त ती गोडाकडे झुकते, म्हणून मी अर्ध्या बाटलीला ताजा लसूण, किसलेला कांदा आणि दोन चमचे सोया सॉस वाढवते. मिरपूडही.

घरची कच्ची मुरवण फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. नाशपती-कांद्याचा ताजा रस असतो, त्यापुढे आंबायला लागते. जास्त करायची तर सोया सॉस, साखर, पाणी, आलं आणि कांद्याच्या फोडी उकळून गाळून ठेवा, ते दोन-तीन आठवडे राहतं. नाशपती, लसूण आणि तेल आयत्या वेळी घाला. मांसाला लावून पिशवीत सपाट पसरून गोठवलं तर महिनाभर चालतं, पण त्यात किवी किंवा पपई असेल तर नाही, वितळताना भुसा होतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात उतरवा, ओट्यावर नको.

सामजांग काचेच्या बरणीत दोन आठवडे सहज. पातीचा कांदा मात्र खायच्या वेळीच घाला, नाहीतर पाणी सुटतं.